मोठा टोप, नग एक

परबांच्या स्पृहाला लोकांच्या घरात डोकवायची सवय मुळीच नव्हती. ती तिला कॉमर्सने लावली. आर्ट्सला गेली असती तर फार तर चार कविता केल्या असत्या आणि त्याचा त्रास घरातल्या माणसांपुरता राहिला असता. पण अकाउंट्स हा विषयच असा आहे की तो शिकणाऱ्याला गप्प बसू देत नाही. आज ना उद्या तो दुसऱ्याच्या कपाटाकडे बोट दाखवायला लावतोच.

स्पृहा परळच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. चाळीत तिला सगळे 'सीए' म्हणत. बी.कॉम. आणि सी.ए. यांच्यामध्ये बरीच वर्षं जातात आणि बरीच माणसं गळतात, हे तिने अनेकदा समजावून पाहिलं. पण चाळीने एकदा पदवी बहाल केली की विद्यापीठाचंही काही चालत नाही.

तिचे बाबा राजेश परब हिंदमाताला साडीच्या दुकानात सेल्समन. पूर्वी दुकानात गाद्या होत्या. गिऱ्हाईकही बसायचं आणि दाखवणाराही बसायचा. नव्या मालकाने गाद्या काढून काचेचे काउंटर टाकले आणि तेव्हापासून बाबा दिवसभर उभे. संध्याकाळी घरी आले की दाराजवळच्या बैठकीवर टेकायचे आणि गुडघ्यांना तेल चोळत म्हणायचे, "आज एकच साडी घेतली बाईने, पण बघितलं मात्र सगळं दुकान." ते ऐकत स्पृहा तेलाची वाटी त्यांच्या हाताशी सरकवायची. आपल्याला नोकरी लागावी आणि या माणसाने आता बसावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिने कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

ही बैठक म्हणजे एक गोल उंचवटा होता. वर लाकडी फळी, फळीवर चटई आणि खालपर्यंत आईने साड्यांच्या तुकड्यांची शिवलेली झालर. आत गोधड्या असत, आणि त्या काढायला-ठेवायला आईच लागे. बाबा नसताना तिच्यावर बसून स्पृहा अभ्यास करायची. डेबिट-क्रेडिट, घसारा, ताळेबंद, सगळं तिने त्याच बैठकीवर बसून पाठ केलं होतं. ही बैठक वाचकाने लक्षात ठेवावी. स्पृहाने ठेवली नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

शेवटच्या सत्रात कॉलेजचा नियम असा, की प्रत्येकाने कुठेतरी प्रत्यक्ष काम करून त्याचं प्रमाणपत्र आणायचं; नाहीतर निकाल राखून ठेवणार. वर्गातल्या बहुतेकांनी मामाच्या, काकाच्या आणि काकाच्या मित्राच्या ऑफिसचे शिक्के मिळवून हा नियम एका दुपारीच पाळून टाकला. स्पृहाला मामा होते, पण ते कणकवलीला आंब्याचा धंदा करत आणि त्यांचा शिक्का पेटीवर मारायचा होता.

शेवटी तिच्या मॅडमनी तिला गिरगावला पाठवलं, प्रेस्टन बाप्टिस्ट सरांकडे. सर चार्टर्ड अकाउंटंट. एका जुन्या वाडीतल्या लाकडी घरात खाली ऑफिस, वर घर. वरून त्यांची बायको इनेझ खाली चहा पाठवायची आणि चहाबरोबर सूचनाही. सरांना परीक्षेनंतर एक ज्युनियर हवा होता. जागा एकच.

"बघ पोरी," सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अनुभव नको मला. अनुभव इथे मिळेल. पण हल्लीच्या पोरांना आकडे दिसतात, वस्तू दिसत नाहीत. रजिस्टरमध्ये पंखा असतो, छताला नुसता हूक असतो, आणि पोरं टिक मारून मोकळी! कुठल्यातरी संस्थेच्या मालमत्तेची पडताळणी करून आण. रजिस्टरमधली प्रत्येक वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. जिथे सापडली तिथेच सापडली असं लिहायचं. अध्यक्षाची सही, शिक्का. मग आपण बोलू."

स्पृहाला लगेच चाळीचं मंडळ आठवलं. नवयुवक उत्सव मंडळ, स्थापना कोणालाच नक्की आठवत नाही तेव्हाची. त्यात योग असा, की चाळ आता पाडायची होती. समोर नवीन टॉवर उभा राहिला होता, लोक बांधाबांध करत होते आणि मंडळाचं सामान नक्की किती आहे हे मंडळालाही कळायला हवं होतं.

मंडळाचे अध्यक्ष दगडूकाका घाडी. पोलिसातून निवृत्त झालेले, पण आवाज अजून ड्यूटीवर. ते एकदम खूश झाले. "आपल्याच चाळीची पोरगी ऑडिट करते म्हणजे काय! करून टाक. कोणी आडवं आलं तर माझं नाव सांग."

सरचिटणीस बुधाजी सावंत मात्र शिक्का आणि रजिस्टर दोन्ही स्वतःच्या गादीखाली ठेवून झोपणारे गृहस्थ. ते म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. पण ठराव लागेल. ठरावाला मीटिंग लागेल. मीटिंगला माणसं लागतील, आणि माणसं सगळी खोके आणायला गेली आहेत." मग स्पृहानेच दोन दिवस जिन्यात उभं राहून, खोके घेऊन वर चढणाऱ्या प्रत्येकाला अडवून ठरावावर सह्या घेतल्या. हात मोकळे नसल्यामुळे काहींनी तोंडात पेन धरून सही केली, ती ग्राह्य धरण्यात आली.

कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कने परवानगीचं पत्र मंडळाच्या लेटरहेडवर मागितलं. मंडळाकडे अंदाजाने साजऱ्या केलेल्या सुवर्णमहोत्सवी वर्षातला एक गठ्ठा शिल्लक होता. त्यावर तेव्हाच्या अध्यक्षांचा फोटो.

"फोटो ह्यांचा आणि सही दुसऱ्याची?" क्लार्कने विचारलं.

"ते वारले, सर."

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

स्पृहा त्यांच्या मुलाला शोधत नालासोपाऱ्याला जाऊन आली. त्या भल्या माणसाने दाखल्याची प्रत दिली, चहा दिला आणि वडिलांची आठवण कॉलेजला अजून आहे हे ऐकून डोळे पुसले. तिला खरं सांगवेना.

असो. पडताळणी सुरू झाली. हातात पॅड, खिशात पेन आणि दादरहून आणलेली पांढऱ्या चिकटपट्ट्यांची गुंडाळी. वस्तू दिसली की पट्टी लावायची, नंबर टाकायचा, आणि 'कोठे सापडली' व 'शेरा' हे रकाने भरायचे. कागदावर हे फार सुटसुटीत वाटत होतं.

अडचण अशी, की मंडळाचं ऑफिस पूर्वी जिन्याखाली होतं. तिथे विजेचे मीटर आले तेव्हा सामान 'तात्पुरतं' घराघरांत गेलं. या तात्पुरत्याला आता एक पिढी उलटून गेली होती.

शिडी, नग एक, खुद्द दगडूकाकांकडे सापडली. ती त्यांच्या पोटमाळ्याला खिळे ठोकून बसवलेली होती. "काढून दाखवतो," काका म्हणाले, "पण मुलगा आणि सून वर झोपलेत. ते खाली आले की काढू." समई, नग दोन, कांतामावशीच्या देव्हाऱ्यात तेवत होत्या. मावशीने हात जोडले. "विझवून देऊ का गं? तुझ्या परीक्षेसाठी विझवते हो मी. देवाला काय, सवय आहे." स्पृहाने घाईघाईने जळत्या समईला पट्टी लावली आणि बोट भाजून घेतलं. झांजांच्या जोडातली एक झांज अंबिकाकाकूंच्या घरी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. दुसरी तळमजल्यावर कोणाच्या तरी कुंडीखाली. सतरंजीचे दोन भाग होऊन दोन वेगवेगळ्या खाटांखाली गेले होते.

आता 'शेरा' या रकान्यात काय लिहायचं? पुस्तकात शब्द होता: अनधिकृत ताबा. स्पृहाला तो फार आवडला. सुवाच्य अक्षरात तिने तो पट्टीवरसुद्धा लिहायला सुरुवात केली. इथे तिचं चुकलं. कारण पट्ट्या सगळ्यांना वाचता येत होत्या.

अंबिकाकाकू म्हणजे दगडूकाकांच्या सख्ख्या भावजय, समोरच्याच खोलीत राहणाऱ्या. मूळच्या मालवणच्या आणि रागावल्या की पूर्णपणे मालवणच्या. त्या झांज हातात घेऊन पॅसेजमध्ये आल्या.

"गो स्पृहा, माका चोर केलंस? तुझ्या बारशाक रात्रभर जागून पुरणपोळ्ये लाटलंय मी, आणि माझ्या दुधावर अनधिकृत?"

"काकू, तुम्हाला नाही, झांजेला लिहिलंय."

"झांज काय चालत इली माझ्या घरात?"

हा प्रश्न हिशेबशास्त्राच्या दृष्टीने अचूक होता.

त्यात बुधाजींनी डोकं चालवलं. ते म्हणाले, "एवीतेवी बघतेच आहेस, तर भांड्यांवरची नावं पण बघ ना. कोणाचं काय कोणाकडे गेलंय ते एकदाच क्लिअर होऊन जाईल." सल्ला फुकट होता म्हणून सगळ्यांनी तो घेतला. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात आलं असं मानत नाहीत. कोणी कोणाला, कुठल्या प्रसंगी, कोणाच्या स्मरणार्थ दिलं, सगळं टोचून लिहिलेलं असतं. तेव्हा मालकी ठरवणं म्हणजे नुसतं भांडं उलटं करून वाचणं, असं स्पृहालाही वाटलं.

संध्याकाळपर्यंत पॅसेज भांड्यांनी भरला. कांतामावशीच्या मांडणीवर निम्मी भांडी अंबिकाकाकूंची निघाली. अंबिकाकाकूंच्या डब्यांवर कांतामावशीच्या सासूबाईंचं नाव निघालं. तिसऱ्या मजल्यावरून लोक आपले हरवलेले गडू ओळखायला आले. 'चि. सौ. कां.' असं नाव असलेल्या एका परातीवर दोघींनी हक्क सांगितला, कारण नाव पुसून गेलं होतं आणि लग्न दोघींचंही झालेलं होतं. ज्या बायकांनी एकमेकींची बाळंतपणं काढली होती त्या वाट्या मोजू लागल्या. कोणी कोणाशी बोलेना. शेवटी बोलायचं ते सगळं स्पृहाशी बोलू लागले, आणि ते फार मोठ्याने.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आमच्या दुकानात लग्नाची खरेदी असते ना, तेव्हा पण इतकं होत नाही."

आई, म्हणजे सीमा परब, खाली मान घालून वाढत होती. पडताळणी सुरू झाल्यापासून तिचा एकच प्रश्न असे. मध्येच फक्त विचारायची, "किती राहिलं गं अजून?"

"संपलं. एकच वस्तू राहिली. मोठा टोप, पितळी, नग एक. दगडूकाका म्हणतात टोप मिळाल्याशिवाय सही नाही. गिरणीच्या कँटीनमधून त्यांच्या वडिलांनी आणलेला होता."

"मोडीत गेला म्हणून लिही की."

"बघितल्याशिवाय कसं लिहू?"

"मग हरवला म्हण. वस्तू हरवतात. माणसं हरवतात, टोपाचं काय!" आई म्हणाली आणि आमटी वाढताना भातावर न वाढता ताटाबाहेर वाढली.

सोमवारी बाप्टिस्ट सरांकडे अहवाल द्यायचा होता. शनिवार उजाडला तरी टोपाचा पत्ता नव्हता. स्पृहाने गच्ची पाहिली, पंपाची खोली पाहिली, जिन्याखालच्या मीटरमागे बॅटरी मारून पाहिली. तिला आता झोपेतही टोप दिसत होता. नोकरीची एक जागा, आणि तिच्यात आणि त्या जागेत एक भांडं!

दुपारी मंडळाची कार्यकारिणी पॅसेजमध्ये उभी असताना अंबिकाकाकूंनी मुद्दा काढला. "सगळ्यांची घरां बघून झाली. सीएचा घर रवला मा?"

स्पृहाला हा अपमान वाटला, आणि तो अपमान तिने मोठ्या दिमाखात स्वीकारला. "बरोबर आहे काकू. नियम सगळ्यांना सारखा. या, बघा. कपाट उघडं आहे, माळा मोकळा आहे." असं म्हणून तिने दार सताड उघडलं.

आत आई धावत जाऊन बैठकीवर बसली.

"आई, ऊठ ना जरा. त्यांना बघू दे."

"माझे गुडघे दुखतात."

"गुडघे बाबांचे दुखतात!"

"आमचं काही वेगळं नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला होता की दगडूकाका मागे सरले. "राहू द्या वहिनी, बसा," असं ते पोलिसाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणालेसुद्धा. पण अंबिकाकाकू वाकल्या, आणि "वायच सर बघू" म्हणत त्यांनी झालर वर केली.

पितळ. चांगलं जाडजूड, गोल, दोन बाजूंना कड्या. आणि कडीखाली टोचलेली अक्षरं: नवयुवक उत्सव मंडळ, नायगाव.

स्पृहाने अक्षरं पुन्हा वाचली. तीन वर्षं! मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी हा धडा तिने याच टोपावर बसून वाचला होता. महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनने रेघा ओढल्या होत्या. तिच्या खिशात अजून पट्ट्या होत्या, आणि पट्ट्यांवर 'अनधिकृत ताबा' आधीच लिहून ठेवलेलं होतं, वेळ वाचावा म्हणून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला वाटलं. पण दुसऱ्या मजल्यावर ती सोय नव्हती.

पॅसेजमधून कोणीतरी म्हणालं, "घ्या! सीएच्या बुडाखाली!" आणि सगळे खूप हसले. हसणं थांबल्यावर दिसलं की आई रडते आहे.

"चोरला नाही हो मी," ती म्हणाली. "हिच्या बारशाला आणला होता, शिरा करायला. दुसऱ्या दिवशी घासून ठेवला. पण रिकामा कसा परत देऊ? आमच्या सासूबाई होत्या तेव्हा, त्या म्हणाल्या, भांडं रिकामं परत करायचं नाही, काहीतरी घालून दे. वाटी असती तर साखर घातली असती. पातेलं असतं तर भाजी घातली असती. ह्या टोपात काय घालू? अख्ख्या चाळीचं जेवण मावतं त्यात! म्हटलं, जरा बरे दिवस आले की करू काहीतरी मोठं आणि भरून देऊ. मग ह्यांच्या दुकानाचं ते असं झालं. मग सासूबाई गेल्या. मग किती वर्षं झाली हे सांगायचीच लाज वाटायला लागली. म्हणून झालर लावली."

अंबिकाकाकूंनी झालर हळूच खाली सोडली. मग त्या कांतामावशीकडे न बघता म्हणाल्या, "रिकामां भांडां परत देतत काय कोण?"

"मी तरी तेच म्हणत होते," कांतामावशी म्हणाल्या. "तुझं ते पातेलं मी मुद्दाम ठेवलंय होय! घावणे करून देणार होते. तवा चांगला मिळाला नाही."

आणि मग एकेक निघालं. गडूत कोकम घालून द्यायचं होतं, पण त्या वर्षी गावाहून कोकम आलं नाही. परातीतून करंज्या जायच्या होत्या, तेवढ्यात घरात सुतक आलं. प्रत्येक भांडं काहीतरी चांगलं पोटात घेऊन परत जायची वाट बघत कोणाच्या तरी मांडणीवर बसलं होतं. स्पृहाला हे शिकवलेलं नव्हतं असंही नाही. लहानपणी शेजारी वाटी परत करायला तीच जायची, आणि वाटीत आई चिमूटभर का होईना साखर घालायचीच. पॅड हातात आल्यावर ते तिला आठवलं नाही, याची तिला आता फार लाज वाटली.

दगडूकाकांनी घसा साफ केला. "हे बघ, घरातली गोष्ट आहे. लिहून टाक, टोप मंडळाच्या ताब्यात मिळाला. मी सही करतो. विषय संपला."

किती सोपं होतं! सही मिळत होती, आईचं नाव वाचत होतं. स्पृहाने पेन हातात घेतलं. मग तिला बाप्टिस्ट सरांचं वाक्य आठवलं: जिथे सापडली तिथेच सापडली असं लिहायचं. आणि दुसऱ्यांच्या दुधावरच्या झांजेला जी नावं ठेवली, ती घरच्या टोपाला कशी माफ करायची?

"नाही काका," ती म्हणाली. तिने 'कोठे सापडली' या रकान्यात लिहिलं: परब यांची खोली, दाराजवळ. शेऱ्यात तिने 'अनधिकृत ताबा' लिहिलं नाही. ते तिने आधीच्या सगळ्या नोंदींतूनही खोडलं आणि प्रत्येक वस्तूपुढे, झांजेपुढे, समईपुढे, शिडीपुढे, नवा शेरा लिहिला: "परत करणे बाकी. रिकामी देणे योग्य न वाटल्याने राहून गेले. स्थिती उत्तम, कारण रोज वापरात."

"शिडी पण रिकामी देत नाहीत काय?" बुधाजींनी विचारलं.

"वर मुलगा-सून आहेत ना!" दगडूकाका गरजले आणि सगळे पुन्हा हसले. या वेळी आईसुद्धा हसली. मग पदराने तोंड पुसून तिने सांगितलं, "टोप उद्या देते. पण भरून देणार."

रविवारी चाळीत जे झालं त्याला मंडळाच्या इतिहासात तोड नव्हती. आईने डब्यातला होता नव्हता तो रवा काढला; टोपाच्या तळालाही तो पुरेना. तेवढ्यात कांतामावशी आल्या. त्यांच्या हातात परबांचीच एक वाटी होती, आणि वाटीत रवा. "घे गं, तुझी वाटी." मागून अंबिकाकाकू, परबांच्याच डब्यात साखर घेऊन. मग तिसरा मजला, मग तळमजला. ज्यांच्याकडे परबांचं काही नव्हतं त्यांनी आपलंच भांडं भरून आणलं आणि "हे परत देशील तेव्हा देशील" असं सांगून ठेवून गेले. बाबा दुकानाला दांडी मारून झारा घेऊन उभे राहिले. "बाबा, तुम्ही बसा ना," स्पृहा म्हणाली. "आज नाही," ते म्हणाले. "आज माझ्या मनाने उभा आहे."

शिरा झाला. टोप काठोकाठ भरला आणि चार माणसांनी उचलून मंडळाला परत केला. दगडूकाकांनी आधी खाल्लं आणि मग सही केली. बुधाजींनी गादीखालून शिक्का काढला. हात न धुता दोघांनी कागद धरल्यामुळे अहवालाच्या पहिल्याच पानावर अध्यक्ष आणि सरचिटणीस या दोघांचेही तुपाचे अंगठे उमटले.

संध्याकाळी दाराजवळची जागा मोकळी होती. बाबा सवयीने टेकायला गेले आणि थोडक्यात वाचले. स्पृहाला गलबलून आलं. आपल्या खरेपणाने बाबांची बसायची जागा घालवली होती. तेवढ्यात दगडूकाका मंडळाची हातांची लाकडी खुर्ची, यादीतला शेवटून दुसरा नग, डोक्यावर घेऊन आले. "राजेश, ही ठेव तुझ्याकडे. टॉवरमध्ये गेल्यावर बघू." बाबा बसले. खुर्ची करकरली, पण तिने त्यांना नीट धरलं. दगडूकाका गेल्यावर आई खुर्चीकडे काळजीने बघत म्हणाली, "आता ही परत करताना हिच्यात काय घालायचं?"

सोमवारी स्पृहा अहवाल घेऊन गिरगावला गेली. बरोबर आईने डब्यात शिरा दिला होता. सरांनी पहिलं पान उजेडात धरलं.

"हे काय?"

"तूप, सर. अध्यक्षांचं."

सरांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. झांजेपाशी थांबले. शिडीपाशी थांबले. टोपापाशी बराच वेळ थांबले. "परब म्हणजे तूच ना?"

"हो सर."

"दाराजवळ म्हणजे?"

"मी त्याच्यावर बसून अभ्यास करायचे, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी अहवाल मिटून तिला परत दिला, डबा वर इनेझकडे पाठवला आणि म्हणाले, "बरं. कळवतो."

'कळवतो' या शब्दाइतका वाईट शब्द नोकरीच्या बाजारात दुसरा नाही. स्पृहा घरी आली ती तोंड पाडूनच. कॉलेजच्या क्लार्कने अहवाल घेतला, पण तूप पुसून आणायला सांगितलं. तिने ते टाल्कम पावडरने पुसलं आणि आता पानाला चमेलीचा वास येऊ लागला. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी ती आईला म्हणाली, "गेली नोकरी. आपल्याच घरात टोप सापडला म्हटल्यावर कोण ठेवेल!"

आई खोक्यात कपडे भरत होती. "डबा आला का परत?"

"नाही."

"मग नोकरी आहे. नाही म्हणायचं असतं तर डबा धुऊन रिकामा पाठवला असता."

"आई, ते गिरगावचे ख्रिश्चन लोक. त्यांना काय माहीत आपलं?"

"वाडीत राहतात ना?" आई म्हणाली. "मग माहीत असणार."

शुक्रवारी दुपारी फोन आला. स्पृहाने फोन आईकडे सरकवला, तेव्हा आईनेच स्पीकर लावला.

"तुझ्या आईला सांग, डबा माझ्याकडे आहे," सरांचा आवाज आला. "इनेझ म्हणते रिकामा पाठवायचा नाही. तिने आमच्या त्या तळलेल्या गोल फुगिया करायला घेतल्या, त्या फसल्या. पुन्हा घेतल्या, त्या मी खाल्ल्या. आता तुझ्या परीक्षेनंतरच्या रविवारी करते म्हणते. तेव्हा तू असं कर, पुढच्या महिन्यात परीक्षा संपली की सोमवारी ये. संध्याकाळी जाताना डबा घेऊन जा."

"हो सर," स्पृहा कशीबशी म्हणाली. "संध्याकाळी?"

"मग काय! आणि येताना दुसरा डबा आण. आमच्याकडे जेवायची सुट्टी दीडला असते."

फोन बंद झाल्यावर स्पृहा रडली, आणि तिला रडताना बघून बाबाही खुर्चीत बसल्या बसल्या रडले. उठून जवळ यायला त्यांना वेळ लागला असता. आईने मात्र डोळे पुसले नाहीत, तिला हिशेब लागत होता. "म्हणजे आता माझे दोन डबे गिरगावात," ती म्हणाली आणि खोक्यात आधीच बांधून ठेवलेला एक छान कडीचा डबा बाहेर काढून तिने लेकीच्या हातात दिला.

स्पृहाने सवयीने तो उलटा केला. तळाशी लिहिलं होतं: सौ. अंबिका घाडी.

"आई!"

"राहू दे गं," आई म्हणाली. "दिवाळीला चकल्या घालून देणार आहे."